बॉल बघ!

आपल्याकडे गाणं शिकावं लागतं, पोहणं शिकावं लागतं, पोळ्या गोल लाटणंसुद्धा शिकावं लागतं. क्रिकेट मात्र शिकावं लागतं यावर कुणाचा फारसा विश्वास नसतो. ते येतंच! कुठल्याही लग्नाच्या हॉलबाहेर गप्पा मारत उभे असलेले चार पुरुष घ्या. अमक्याचा पाय निघत नाही, तमक्याने ऑफस्टंपबाहेरचा सोडायला हवा होता, हे चौघंही छातीठोकपणे सांगतील. मीही त्या चौघांत असतोच.

आता आमचं शिक्षण म्हणजे काय, तर वाड्यातलं आणि बोळातलं. एक टप्पा आउट. थेट भिंतीला लागला तर दोन. खालच्या काकूंच्या गॅलरीत गेला तर आउट, आणि आणायला जायचं ज्याने मारला त्यानेच. बॅट ज्याची तो पहिला खेळणार आणि आउट झाला तरी 'ट्रायल बॉल होता' म्हणून पुन्हा खेळणार. या शाळेत आम्ही बरंच काही शिकलो हे खरं. दोन्ही बाजूंना स्कूटरी लावलेल्या असल्यामुळे माझी बॅट आयुष्यभर सरळ आली. पण बोळातल्या क्रिकेटमध्ये एक गोष्ट कधीच शिकायला मिळत नाही, कारण तिथे तिची गरजच पडत नाही. ती म्हणजे, अंगावर येणाऱ्या चेंडूकडे शेवटपर्यंत बघत राहणं. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आतला. लागला तर चुरचुरतं, पोरं हसतात, संपलं. सीझन बॉलचं तसं नाही. पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१. दगडच म्हणा ना, फक्त लाल रंगाचा आणि शिवण घातलेला.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी भाची.

वय वर्षं चौदा. तीन वर्षांपासून आमच्या घराजवळच्या मैदानावर नेटला जाते. दाजी नोकरीसाठी मस्कतला आणि ताईची बँकेची वेळ सकाळची, त्यामुळे तिला नेणं-आणणं हे खातं मामाकडे. मुलगी डावखुरी, तंत्र नीटस. कव्हर ड्राइव्ह मारला की शेजारच्या नेटमधली पोरं क्षणभर थांबून बघतात. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी ही बाई पहाटे साडेपाचलाच तयार होऊन दारात उभी!

आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी तिला चेंडू लागला.

नेटमध्ये एक दांडगा मुलगा गोलंदाजी करत होता. चेंडू थोडा आखूड पडला, मॅटच्या कडेला लागून अपेक्षेपेक्षा जास्त उसळला आणि हेल्मेटच्या जाळीवर आदळला. जाळी आत दबून हनुवटीला लागली. तीन टाके पडले. डॉक्टरांनी डोकं नीट तपासलं, काही दिवस पूर्ण विश्रांती आणि मग हळूहळू सराव असं लिहून दिलं. हेल्मेट बदललं. (ज्या हेल्मेटने असा फटका खाल्लाय ते पुन्हा वापरू नये. वरून धडधाकट दिसलं तरी. हे कृपया ज्यांची मुलं खेळतात त्यांनी लक्षात ठेवा.) टाके निघाले, ती परत मैदानावर आली. सगळं पहिल्यासारखं. फक्त एक सोडून. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटायच्या आधीच तिचा मागचा पाय स्क्वेअर लेगकडे निघालेला असायचा.

दोन आठवडे असं चाललं. आवडता कव्हर ड्राइव्हही गेला, कारण पायच जागेवर नाहीत. मग एका संध्याकाळी जेवताना ती आमटीकडे बघत म्हणाली, "मला नाही खेळायचं आता. चित्रकलेची परीक्षा द्यायचीये." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं.

आता इथे दोन प्रकारचे सल्ले मिळतात, आणि आम्हाला ते दोन्ही मुबलक मिळाले. पहिला, "अगं घाबरायचं नाही, बिनधास्त खेळायचं!" दुसरा, "सोडून दे, मुलीच्या जातीला चेहरा महत्त्वाचा." दुसऱ्यावर मी काही लिहीत नाही, ताईने जे तोंडी उत्तर दिलं ते पुरेसं होतं. पण पहिला सल्लाही मला कधी पटलेला नाही. घाबरायचं नाही म्हणजे काय करायचं नेमकं? पोटात गोळा येतो तो काय विचारून येतो? आणि ही भीती खोटीही नाही. १९६२ साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारातून परत आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिलिप ह्यूज सिडनीच्या मैदानावर मानेला चेंडू लागून गेला, तेही हेल्मेट घातलेलं असताना. चौदा वर्षांच्या मुलीला हे सगळं ठाऊक असतं, तिच्या हातातही मोबाइल आहेच की.

शेवटी मी तिच्या सरांकडे गेलो. सर साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात आणि सकाळभर एक शिट्टी गळ्यात घालून ती जवळजवळ कधीच वाजवत नाहीत. मी म्हटलं, "सर, ती फार घाबरलीये. भीती कशी घालवायची?"

ते म्हणाले, "ती जात नसते. तुम्ही तिला 'भीती वाटते का' असं विचारूच नका. वाटणारच. 'बॉल दिसला का' एवढंच विचारा."

प्रशिक्षक कशाला हवा, याचं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं. आपल्याला वाटतं कोच म्हणजे ज्याला आपल्यापेक्षा जास्त फटके येतात तो. तसं काही नसतं. रमाकांत आचरेकर सर प्रथम दर्जाचा सामना आयुष्यात एकच खेळले. पण शिवाजी पार्कवर त्यांनी जे पाहिलं ते इतरांना दिसत नव्हतं. सचिनच्या स्टंपवर ते एक रुपयाचं नाणं ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचं नाणं, कुणीच नाही केलं तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आपण ती बक्षिसाची गोष्ट म्हणून ऐकतो. मला आता वाटतं, ते नाणं म्हणजे दमलेल्या मुलाचं लक्ष शेवटच्या पंधरा मिनिटांतही चेंडूवरून ढळू नये याची सोय होती. आणि वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात, १६ नोव्हेंबर २०१३ ला, सचिनने सांगितलंच की सरांनी त्याला एकोणतीस वर्षांत कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही. रोहित शर्मा दिनेश लाड यांच्या हाताखाली आला तो ऑफस्पिनर म्हणून. त्याची बॅट कशी येते हे लाड सरांच्या नजरेला पडलं आणि पुढचं आपण बघतोच आहोत. चांगला कोच मला तरी आधी एक बघणारा माणूस वाटतो. खेळणाऱ्याला स्वतःचं सगळं जाणवतं, पण स्वतःचं काहीच दिसत नाही.

तर आमच्या सरांनी पहिल्या दिवशी बोलण्याऐवजी माझा मोबाइल मागून घेतला. स्क्वेअर लेगला उभं राहून तिचं खेळणं रेकॉर्ड केलं आणि मग सावकाश करून तिला दाखवलं. पाय पळतोय हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते वेगळंच निघालं. चेंडू टप्पा घेतो त्या क्षणी तिचे डोळे मिटत होते. दर वेळी. ती बघतच राहिली. "मी डोळे उघडे ठेवते रे मामा," असं ती शपथेवर सांगत आली होती आणि ते खोटंही नव्हतं. तिला ते कळतच नव्हतं.

मी सुचवलं की तिच्या टाचेमागे किटबॅग ठेवू या, म्हणजे पाय मागे जाणार नाही. ही जुनी युक्ती आहे, बरेच जण वापरतात. सरांनी मान हलवली. म्हणाले, "बॅग ठेवली तर पाय थांबेल. डोळे कसे थांबवणार? डोळे उघडले की पाय आपसूक थांबतो."

आणि मग सुरू झाला सराव. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या ओळखीत तिघा-चौघांची मुलं नेटला जातात आणि सगळ्यांचा सराव म्हणजे 'आज शंभर बॉल खेळलो' एवढाच असतो. शंभर बॉल कसले? जे येतं तेच शंभरदा केलं तर ते करमणुकीत जमा.

सरांनी तिचा सीझन बॉल पूर्ण बंद केला. महिनाभर नेटमध्ये जायचंच नाही, बाजूच्या सिमेंटच्या पट्टीवर यायचं. टेनिसचे बारा चेंडू घेतले, सहांवर लाल मार्करने मोठे ठिपके, सहांवर निळे. बादलीत भिजवले. ओला चेंडू सिमेंटवर घसरून झपकन येतो. आणि अकरा यार्डांवरून, म्हणजे बरोबर अर्ध्या पिचवरून, मी ते तिच्या खांद्याच्या उंचीला उसळतील असे फेकायचे. हेल्मेट, पॅड, सगळं चढवून. तिने काय करायचं? काहीच नाही. बॅट हातात धरायची, पण मारायचं नाही. फक्त ठिपका कोणता ते ओरडून सांगायचं.

यामागचं गणित सरांनी मला वहीच्या पाठीवर मांडून दाखवलं. तिच्या वयोगटातला वेगवान मुलगा ताशी नव्वदच्या आसपास टाकतो. तो चेंडू हातातून सुटल्यापासून तिच्यापर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास पोचतो. अर्ध्या अंतरावरून ताशी पन्नासने फेकलेला चेंडूही साधारण तेवढ्याच वेळात पोचतो. म्हणजे मेंदूला मिळणारा वेळ तोच, फक्त लागला तर दुखत नाही. (मोठ्यांच्या क्रिकेटात ताशी एकशे तीसने आलेल्या चेंडूला अर्धा सेकंदच मिळतो. लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहून 'सोडायला हवा होता' म्हणणाऱ्यांनी हा अर्धा सेकंद एकदा मनात मोजून बघावा.)

पहिल्या दिवशी चाळीस चेंडू. तिने रंग बरोबर सांगितला तो नऊ वेळा. बाकीच्या वेळी गप्प, किंवा ठोकून दिलेलं "लाल!" आमच्या बाजूने फेऱ्या मारणारं आजी-आजोबा मंडळ थांबून बघायचं. एक सुशिक्षित मुलगी हेल्मेट घालून "निळा! लाल! नाही नाही निळा!" असं किंचाळते आहे आणि एक प्रौढ गृहस्थ बादलीतून काढून काढून तिला चेंडू मारतो आहे, हे दृश्य रोज सकाळी बघून त्यांनी आमच्याबद्दल काय मत केलं असेल कोण जाणे.

सरांनी तिला एक वही करायला लावली. तारीख, किती चेंडू, किती दिसले. बाकी काही लिहायचं नाही. 'आज छान वाटलं', 'आज मूड नव्हता' असलं एक अक्षर नाही. नऊ, बारा, अकरा, सोळा. मग एक दिवस सात! त्या दिवशी ती वही फेकणार होती. सरांनी तो आकडाही स्वतःच्या हाताने लिहायला लावला. पुढच्या आठवड्यात एकवीस. आकडे सरळ वर चढत गेले नाहीत, कधी चढत नाहीत. पण महिन्याच्या शेवटी चौतीसवर आले तेव्हा तिला कुणी 'शाब्बास' म्हणायची गरज नव्हती. वहीत लिहिलेलं होतं.

मग पुढची पायरी. दिसलेल्या चेंडूचं काय करायचं. सरांनी दोनच गोष्टी शिकवल्या. चेंडू डोक्याच्या रेषेत आला तर गुडघ्यांतून खाली बसायचं, हात आणि बॅट खाली, पण नजर चेंडूवरच. मान फिरवली की संपलं, कारण वाकूनही काही चेंडू हवे तेवढे उसळत नाहीत आणि मग मागून कानाजवळ लागतात. आणि चेंडू छाती-खांद्याच्या उंचीला असेल तर कंबरेतून मागे झुकायचं, मनगटं खाली सोडायची, नाकासमोरून जाऊ द्यायचा. हुक, पुल, काही नाही. "सर, मारू कधी?" असं तिने विचारल्यावर सर म्हणाले, "सोडता आला की मारायचा हक्क मिळतो."

टेनिसनंतर रबरी चेंडू, मग थोडा जड सिंथेटिक, आणि सहाव्या आठवड्यात, अकरा यार्डांवरून हळू, सीझन बॉल. प्रत्येक पायरीवर वहीतला आकडा आधी घसरायचा आणि मग सावरायचा. घरी गॅलरीत मोज्यात चेंडू घालून टांगला होता तो वेगळाच. टक, टक, टक. खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप आला. बॅटला अळशीचं तेल लावायचा कार्यक्रमही ताईच्या स्वयंपाकघरातच झाला, त्याबद्दल मी इथे जाहीर आभार मानतो.

डॉन ब्रॅडमनची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. लहानपणी बाउरलच्या घरी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या गोल बैठकीवर गोल्फचा चेंडू मारायचा आणि तो परत आला की बॅटऐवजी स्टंपने टोलवायचा. गोल भिंतीवरून चेंडू कुठून कसा येईल ते कळत नसे. तिथे ना कोच होता ना नेट. पण दर चेंडूला नव्याने बघावं लागेल अशी सोय त्या टाकीने करून दिली होती. आमची ठिपक्यांची बादली हा त्या टाकीचा गरीब पुणेरी अवतार, असं मी भाचीला सांगितलं. तिने डोळे फिरवले. चौदाव्या वर्षी तो अधिकार असतो.

आता मनाबद्दल. 'माइंडसेट' हा शब्द हल्ली इतका वापरलाय की उच्चारला की लगेच प्रेरणादायी भाषण सुरू होईल असं वाटतं. सर हा शब्द वापरत नाहीत. ते मोहिंदर अमरनाथची गोष्ट सांगतात. १९७९ च्या इंग्लंड दौऱ्यात रिचर्ड हॅडलीचा चेंडू डोक्याला लागून कवटीच्या हाडाला चीर गेली. परत आला, जमलं नाही, संघाबाहेर गेला. जवळजवळ तीन वर्षं बाहेर. त्या काळात त्याने उभं राहण्याची पद्धतच बदलली. गोलंदाजाकडे दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी छाती उघडी ठेवून तो उभा राहू लागला. १९८२-८३ च्या मोसमात आधी पाकिस्तानात इम्रानसमोर आणि मग वेस्ट इंडीजमध्ये होल्डिंग, मार्शल, रॉबर्ट्स, गार्नर यांच्यासमोर मिळून हजारावर धावा केल्या. ब्रिजटाउनच्या कसोटीत तोंडावर चेंडू लागला, टाके घालून परत येऊन खेळला. त्या सामन्यात त्याच्या ९१ आणि ८० धावा. आणि त्याच वर्षी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा सामनावीर. लोक जिमीचं धैर्य सांगतात. सर म्हणतात, "धैर्य होतंच. पण त्याने नुसतं धैर्य वाढवलं नाही. आधी स्टान्स बदलला. दोन्ही डोळ्यांनी बॉल दिसेल असा."

मला ही गोष्ट फार पटली. मन घट्ट करा म्हटल्याने मन घट्ट होत नाही, त्याला काहीतरी काम द्यावं लागतं. सचिनची सिडनीची २४१ आठवते? जानेवारी २००४. त्या मालिकेत ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूवर घात होत होता, म्हणून त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बासनात गुंडाळून ठेवला आणि ४३६ चेंडू खेळला. मनाला एकच काम दिलं होतं, हा फटका नाही मारायचा. आणि अगदी अलीकडचं म्हणजे आपली जेमिमा. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना, जिंकायला ३३९ हव्यात. तिसऱ्या क्रमांकावर जायचं आहे हे तिला पाचेक मिनिटं आधी कळलं. नाबाद १२७ करून सामना जिंकून दिला आणि मग सगळ्या जगासमोर सांगितलं की या दौऱ्यात ती जवळजवळ रोज रडली होती. त्याच स्पर्धेत आधी एका सामन्यात तिला वगळलंही होतं. माझ्या भाचीने ती मुलाखत किती वेळा बघितली याची गणती नाही. एक दिवस गाडीत मागच्या सीटवरून म्हणाली, "म्हणजे मामा, तिला पण वाटत होतं. तरी खेळली." मी काही बोललो नाही. मामाने कधी गप्प बसावं हेही सरांकडूनच शिकतो आहे.

दोन चेंडूंच्या मध्ये काय करायचं, हेही सरांनी ठरवून दिलं. चेंडू झाला की स्क्वेअर लेगकडे दोन पावलं चालत जायचं, एक श्वास सोडायचा, ग्लोव्हजचा पट्टा ओढायचा. तेवढ्यात मागचा चेंडू संपला. परत येऊन बॅट टेकवली की नजर गोलंदाजाच्या हातावर आणि मनात एकच वाक्य, 'बॉल बघ'. बास. दिवसभर लक्ष एकवटून कुणालाच ठेवता येत नाही. पण तीन-चार सेकंद ठेवता येतं, आणि क्रिकेटमध्ये एका वेळी तेवढंच लागतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका क्लबशी सराव सामना ठरला. समोरच्या संघात मुलं-मुली दोन्ही, आणि आमच्या नशिबाने तो दांडगा मुलगा त्यांच्याकडून खेळायला आलेला. ही चौथ्या क्रमांकावर गेली तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते लिहीत नाही. ताई पहिल्यांदाच रजा टाकून आली होती आणि तिने माझं मनगट असं धरलं होतं की दोन दिवस वळ राहिला.

पहिलाच चेंडू आखूड. ती खाली बसली. चेंडू वरून गेला, आणि विकेटकीपरच्या हातात जाईपर्यंत तिचं डोकं त्याच्यामागे वळत गेलेलं मी पाहिलं. पाय जागेवर. स्क्वेअर लेगकडे दोन पावलं, श्वास, पट्टा. दुसरा थोडा कमी उसळला, ती मागे झुकली, हात खाली. मग दोन चेंडू नीट खेळून काढले, एक कव्हरमधून चार. पुन्हा एक आखूड, पुन्हा खाली. आणि नवव्या चेंडूला त्या मुलाने सरळ पायात यॉर्कर टाकला. मधला स्टंप गेला. चार धावा.

ती पॅड काढत काढत आमच्याकडे आली. ताई काहीतरी समजुतीचं बोलायच्या तयारीत होती. हिचा चेहरा मात्र असा की जणू शतक करून आलीये.

"मामा, दिसला! सगळे दिसले! यॉर्करसुद्धा दिसला, बॅटच वेळेत खाली आली नाही!"

सर खुर्चीतच होते. त्यांनी मागे वळून एवढंच विचारलं, "शिवण कुठे होती?"

"सरळ, सर. थोडी लेगकडे."

सरांनी मान डोलावली आणि पुन्हा सामना बघायला लागले. आचरेकर सरांच्या परंपरेत 'छान' हा शब्द महागच.

चार धावांवर त्रिफळा उडालेल्या मुलीचं इतकं कौतुक कशाला, असं वाचणाऱ्यांपैकी काही जणांना वाटेल. दाजींना तर नक्की वाटेल, ते आकड्यांचे माणूस. पण दाजी, धावफलकात जी चार धावा म्हणून नोंद आहे, तिच्या मागे वहीची सदतीस पानं आहेत. डिसेंबरमध्ये ही मुलगी स्वतःला भित्री समजत होती. एका सकाळी लागलेल्या चेंडूवरून तिने स्वतःबद्दल कायमचं मत करून टाकलं होतं. मला तिच्या क्रिकेटपेक्षा त्याची जास्त काळजी होती. क्रिकेट सुटलं असतं तर सुटलं असतं, चित्रकलाही चांगलीच आहे. पण 'मी घाबरट आहे' हे वाक्य घेऊन ती पुढच्या प्रत्येक पट्टीवर उभी राहिली असती, मग ती परीक्षा असो, नोकरी असो, नाहीतर आणखी काही. ते वाक्य तिने स्वतःच, चाळीस-चाळीस चेंडूंनी खोडून काढलं. मी फक्त बादली भरली.

निवड चाचणी अजून व्हायची आहे. तिथे प्रत्येकीला नेटमध्ये मोजके चेंडू मिळतात आणि त्यावर सगळं ठरतं. निवड होईल की नाही, मला सांगता येणार नाही. सर तर अशा प्रश्नाकडे लक्षच देत नाहीत. त्यांनी नवीन काम दिलंय. यॉर्करचं. आता भिजलेले चेंडू खांद्याला नाही, बरोबर बुटाच्या टोकावर टाकायचे. वहीचं नवीन पान सुरू झालंय आणि पहिल्या दिवसाचा आकडा आहे चाळीसपैकी सहा.

माझा खांदा दुखतो. बाम लावून आत्ता हे टाइप करतो आहे. ताई, वाचत असशील तर एवढंच, तुझी निळी बादली अजून काही महिने तरी परत मिळणार नाही.